बारावीनंतर जहाजावर डेक खलाशी : एजंट साडेतीन लाख मागतो आहे, खरा मार्ग कोणता?

तासगावचा मामा यांचा प्रश्न

नमस्कार. माझा भाचा यंदा बारावी विज्ञान शाखेतून ५४ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाला. दहावीला त्याला ६८ टक्के होते, इंग्रजीतही बरे गुण होते, आणि त्याचे वय १८ पूर्ण आहे. तो अंगाने काटक असून कृष्णेच्या पुरातही पोहलेला आहे. त्याने मर्चंट नेव्हीत जाण्याचे मनावर घेतले आहे. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त थेट आसामपर्यंत गेलेली माणसे आहेत, सैन्यात गेलेलीही आहेत. परंतु समुद्रावर गेलेले एकही माणूस नाही, त्यामुळे विचारायचे कोणाला हाच प्रश्न आहे.

सांगलीतील एका एजंटाशी दाजींचे बोलणे झाले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे काही दिवसांचे छोटे कोर्स करून तो सीडीसी (खलाशाची सेवापुस्तिका) काढून देईल आणि दीड महिन्यात मुलगा दुबईहून जहाजावर चढेल. पगार महिना साठ हजार रुपये. यासाठी त्याला एकूण साडेतीन लाख रुपये हवे आहेत, त्यांपैकी पन्नास हजार आता आणि उरलेले व्हिसा आल्यावर. दाजी द्राक्षबागेवर कर्ज काढण्याच्या तयारीत आहेत. एजंटाचे बोलणे कितपत खरे मानावे, आणि डेकवरच्या नव्या मुलाला प्रत्यक्षात काय काम करावे लागते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. मुलाला केवळ पांढरा गणवेश आणि परदेश एवढेच दिसते आहे.

---

कोरेगावचा एबी यांचे उत्तर

मामा, पन्नास हजार अद्याप दिले नसतील तर देऊ नका. मी बल्क कॅरिअरवर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) एबी, म्हणजे एबल सीमन, म्हणून काम करतो आणि सध्या सुट्टीवर गावी आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखे गाव आहे, जिथे सैन्यात भरती कशी होते हे शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. जहाजाच्या भरतीविषयी मात्र घाटावर कोणालाच काही ठाऊक नसते, आणि या अज्ञानावरच असल्या एजंटांचे पोट चालते.

डेकवर खलाशी म्हणून जाण्याचा रीतसर मार्ग जीपी रेटिंग या सहा महिन्यांच्या निवासी प्रशिक्षणातून जातो. ‘जीपी’ म्हणजे जनरल पर्पज. त्यात डेक आणि इंजिन या दोन्ही विभागांच्या खालच्या पायरीचे काम शिकवतात. हे प्रशिक्षण मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाने, म्हणजेच डीजी शिपिंगने, मान्यता दिलेल्या संस्थेतच घ्यावे लागते. विज्ञान, गणित व इंग्रजी हे विषय घेऊन दहावीला किमान ४० टक्के, इंग्रजीत दहावी किंवा बारावीला ४० टक्के आणि वय साडेसतरा ते पंचवीस, या प्रमुख अटी आहेत. आपला भाचा त्यांत बसतो. आपल्या राज्यात न्हावा येथील टी. एस. रहमान ही १९१० पासूनची जुनी संस्था आहे, आणि देशभरात इतरही अनेक मान्य संस्था आहेत. त्यांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर पाहावी, कोणा एजंटाच्या पत्रकावर नव्हे. (बारावीला भौतिक, रसायन व गणित मिळून ६० टक्के असते, तर मी आधी आयएमयूची (इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची) सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, होण्याचा सल्ला दिला असता. ५४ टक्क्यांवर ते दार उघडत नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.)

आता सीडीसीविषयी. सीडीसी हे खलाशाचे ओळखपत्र आणि सेवापुस्तिका आहे. तो कोणत्या तारखेला कोणत्या जहाजावर चढला व केव्हा उतरला याची नोंद तिच्यात होते. समुद्रात जीव कसा वाचवावा, आग कशी विझवावी, प्रथमोपचार कसे करावेत असे जे मूलभूत कोर्स असतात, ते काही दिवसांत होतात, आणि ‘सीडीसी काढून देतो’ असे म्हणणारा माणसाला तेवढ्यावरच जहाजावर पाठवण्याचे स्वप्न विकतो. वाहन चालवण्याचा परवाना हाती आला म्हणून एस.टी.त चालकाची नोकरी मिळत नाही, तसेच हे आहे. चांगली कंपनी जीपी रेटिंगचे प्रशिक्षण आणि त्यानंतरच्या परीक्षेचा निकाल पाहते.

भारतातून खलाशी पाठवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे किंवा एजन्सीकडे आरपीएसएल हा केंद्र सरकारचा परवाना असावाच लागतो. त्या माणसाला परवान्याचा क्रमांक लेखी मागा आणि तो डीजी शिपिंगच्या यादीत पडताळून पाहा. परवाना चालू आहे की निलंबित आहे हेही तिथेच कळते. दुसरे असे की, मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ या आंतरराष्ट्रीय करारास भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली आहे, आणि त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च खलाशाने करावा. व्हिसाचा खर्च मात्र जहाजमालकाचा असतो, असे त्या करारात स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा जो माणूस ‘व्हिसा आल्यावर तीन लाख द्या’ असे म्हणतो, त्याने एका वाक्यात आपली सगळी ओळख करून दिली आहे.

---

मिरज जंक्शन यांचे उत्तर

वरील उत्तरातील शब्द न् शब्द खरा आहे, आणि तो समजायला मला दोन लाख ऐंशी हजार रुपये मोजावे लागले. मला कोण्या परक्या देशाची सीडीसी देण्यात आली, जिची नोंद त्या देशाच्या दप्तरात नव्हतीच, हे मला फार उशिरा समजले. आखाती देशात मला पर्यटक व्हिसावर उतरवले आणि एका जुन्या लहान बोटीवर चढवले. करारपत्र नव्हते, पासपोर्ट कप्तानाने काढून घेतला. चार महिन्यांत एका महिन्याचा पगार मिळाला. परत आलो तेव्हा एजंटाच्या कार्यालयाला कुलूप होते आणि शेजारचा चहावाला सांगत होता की, तुम्ही या आठवड्यातले सहावे आहात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रीतसर कंपनीमार्फत गेलेल्या खलाशालाही मालक वाऱ्यावर सोडू शकतो. परंतु त्याच्या बाबतीत दोन महिने पगार थकला तर जहाज ‘सोडून दिलेले’ धरता येते, आणि २०१७ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि घरी परतण्याचा खर्च मिळण्याची सोय असते. मी ज्या बोटीवर होतो ती असल्या कोणत्याच कागदात बसत नव्हती, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हेच आम्हाला कळेना.

---

कराडचे निवृत्त सारंग यांचे उत्तर

मामासाहेब, कागदपत्रांचे वर सांगून झाले आहे. मी कामाविषयी लिहितो. मी एकतीस वर्षे समुद्रावर काढली आणि बोसन म्हणून निवृत्त झालो. बोसनला जुने लोक सारंग म्हणत. डेकवरच्या खलाशांचा तो मुकादम. नव्याने आलेला मुलगा आधी ट्रेनी, मग ओएस (ऑर्डिनरी सीमन), मग एबी आणि पुढे बोसन, अशी ही शिडी आहे. पांढरा गणवेश अधिकाऱ्यांचा असतो आणि तेही तो क्वचितच घालतात. आपल्या भाच्याच्या अंगावर बॉयलर सूट, पायात लोखंडी टोकाचे बूट, डोक्यावर हेल्मेट आणि नखांत रंग असेल.

पहिल्या वर्षाचे निम्मे आयुष्य गंजाशी भांडण्यात जाते. खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती वेगाने खाल्ले जाते, हे घाटावरच्या माणसाला पटणार नाही. हातोडीने किंवा हवेवर चालणाऱ्या यंत्राने गंजाचे पापुद्रे उडवायचे, तारेच्या ब्रशाने घासायचे, गोड्या पाण्याने मीठ धुवायचे, कोरडे झाल्यावर प्रायमर आणि मग रंग. याला आम्ही चिपिंग म्हणतो. नव्या मुलांना हे काम हलके वाटते आणि कंटाळून ते मीठ न धुताच प्रायमर ओढतात. मग महिन्याभरात तिथेच फोड येतो आणि बोसन त्याला त्याच जागेवर पुन्हा बसवतो. मीही बसवलेले आहे. बल्क कॅरिअरवर त्याच्या जोडीला होल्डची, म्हणजे माल भरण्याच्या कोठाराची, सफाई असते. कोळसा उतरवून धान्य भरायचे असेल, तर चार-पाच मजली इमारतीएवढ्या खोल पोकळीचा कोपरा न् कोपरा धुवावा लागतो, कारण बंदरातल्या तपासणीसाला बोटाला काळे लागले तर जहाज खोळंबते.

जीव जाण्याची शक्यता मात्र सर्वांत जास्त दोन ठिकाणी असते. पहिले म्हणजे जहाज धक्क्याला बांधतानाचे दोर. हजारो टनांचे जहाज ज्या दोरावर ओढले जाते, तो दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो आणि वाटेत आलेल्या माणसाला कापून काढतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नये, त्यावरून ओलांडू नये, आणि जमिनीवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात तर कधीच पाय ठेवू नये, हे मी प्रत्येक ट्रेनीला पहिल्या बंदराआधी तीन वेळा म्हणून घेत असे.

दुसरे ठिकाण म्हणजे बंद जागा. हे तासगावच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. पडक्या विहिरीत गाळ काढायला एक जण उतरतो, खाली जाऊन गप्प होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही वर येत नाहीत, अशा बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात असतात. जहाजावरही अगदी असेच घडते. हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो. बंद टाकीत लोखंड गंजताना तोच प्राणवायू शोषून घेते, होल्डमधील कोळसा आणि लाकूडही तेच करते, आणि रिकाम्या, स्वच्छ दिसणाऱ्या जागेत माणूस दोन श्वासांत कोसळतो. म्हणून आधी हवा खेळवणे, मग यंत्राने मोजणे, मग लेखी परवाना आणि दाराशी एक माणूस उभा, एवढे झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही. आत मित्र पडलेला दिसला तरी धावत उतरायचे नाही, घंटा वाजवायची. तरुण पोराला हे शेवटचे वाक्यच सर्वांत अवघड जाते.

याखेरीज पहारा असतो. समुद्रावर चार तास काम आणि आठ तास सुट्टी अशा पाळ्या लागतात, आणि रात्री ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या वरच्या खोलीत) अंधारात उभे राहून क्षितिजावरचे दिवे शोधायचे असतात. समोरच्या जहाजाचा लाल दिवा म्हणजे त्याची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. रंग ओळखण्यात चूक झाली तर अधिकाऱ्याला चुकीची बातमी जाते. पुढे सुकाणू हाती मिळते. अधिकारी ‘पोर्ट टेन’ (सुकाणू डावीकडे दहा अंश) म्हणाला की तेच शब्द मोठ्याने परत म्हणायचे, चाक फिरवायचे, आणि काटा दहावर आला की तेही सांगायचे. बंदराजवळ पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा जाणकार, चढण्यासाठी दोरीची शिडी लावणे हेही डेकचेच काम; पाण्यापासूनची उंची नऊ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसती दोरीची शिडी चालत नाही, तिला जहाजाच्या जिन्याची जोड द्यावी लागते. शिडीची एक पायरी तिरकी बसली म्हणून अनुभवी पायलट मेल्याच्या घटना जगभर आहेत, म्हणून या कामात बोसन शिव्या देतो त्या मनावर घेऊ नयेत.

नियमाने चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती मिळायला हवी. कागदावर ती नेहमीच मिळते. लागोपाठ तीन बंदरे आली की कागद आणि डोळे यांचे जमत नाही, हेही मुलाला आधी सांगून ठेवा. पोहता येते ही चांगली गोष्ट आहे, परंतु कृष्णेच्या घाटावरचे पोहणे आणि थंड समुद्रात पडणे यांत फार अंतर आहे. जहाजावर पोहण्यापेक्षा न पडण्याला किंमत असते.

---

पलूसची गृहिणी यांचे उत्तर

माझे यजमान टँकरवर एबी आहेत, म्हणून घरच्या बाजूने थोडे लिहिते. पगाराच्या आकड्याकडे पाहताना वर्षाचे बारा महिने धरू नयेत. खलाशाचा करार साधारणपणे नऊ महिन्यांच्या आसपास असतो, आणि घरी असताना बहुतेक कंपन्यांत पगार नसतो. पुढचा करार दोन महिन्यांत मिळेल की सहा, हे बाजारावर असते. एबीच्या मूळ पगाराची आंतरराष्ट्रीय किमान पातळी २०२५ मध्ये महिना ६७३ डॉलर होती. त्यावर ओव्हरटाइम व इतर भत्ते येतात. ट्रेनीला याच्या बऱ्याच खालून सुरुवात करावी लागते. त्यामुळे एजंटाने पहिल्याच महिन्यासाठी सांगितलेले साठ हजार मनातून काढून टाकलेले बरे. भारतीय खलाशांसाठी १९६६ च्या कायद्याने स्वतंत्र भविष्यनिर्वाह निधी आहे; कंपनी त्यात भरणा करते का, हे दाजींनी अवश्य विचारावे, कारण आमच्या घरात हा प्रश्न सहा वर्षांनी निघाला.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा यजमानांचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेले. त्या दिवसांत मी द्राक्षांचे भाव पाहण्यासाठी मोबाइल हाती घेई आणि जहाजाचा ठावठिकाणा पाहत बसे. मुलाच्या आईला हे आधी सांगावे. करारपत्राची एक प्रत घरी ठेवावी, त्यावर जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), पगार आणि कालावधी आहे का ते वाचावे, आणि घरी पाठवायची रक्कम कोणाच्या खात्यावर जाणार हे मुलगा निघण्यापूर्वीच ठरवावे.

---

तासगावचा मामा यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल दाजींना घेऊन त्या एजंटाकडे गेलो आणि परवान्याचा क्रमांक मागितला. तो आधी म्हणाला की परवाना मुंबईच्या मुख्य कार्यालयाच्या नावे आहे. मुख्य कार्यालयाचे नाव विचारले तेव्हा म्हणाला की ते आगाऊ रक्कम भरल्यावर सांगितले जाते. दाजी तिथून काही न बोलता उठले. बागेवरचे कर्ज आता निघणार नाही.

जीपी रेटिंगची चौकशी आम्ही करणार आहोत. फीचे पैसे भरण्याआधी आणखी काही पाहायला हवे का? आणि प्रवेश मिळेपर्यंतच्या काळात मुलाने घरी बसून काय करावे? एक शंका अशीही आहे की, खलाशी म्हणून गेलेला मुलगा कायम खलाशीच राहतो का?

---

कोरेगावचा एबी यांचे उत्तर

मामा, सर्वांत आधी डोळे तपासा, तेही फी भरण्यापूर्वी आणि डीजी शिपिंगने मान्य केलेल्या डॉक्टरकडूनच. डेकसाठी चष्म्याशिवाय नजर चांगली लागते आणि रंगांधळेपणा अजिबात चालत नाही. ठिपक्यांच्या चित्रांतला आकडा वाचता आला नाही, हे काहींना प्रशिक्षणाची फी भरल्यानंतर कळते. पासपोर्टवरील नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर जुळते का तेही पाहा; आपल्याकडे आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये हमखास फरक असतो आणि पुढे प्रत्येक कागदाला तो आडवा येतो. फी थेट संस्थेच्या बँक खात्यात भरून पावती घ्या. संस्थेला मात्र एकच प्रश्न विचारा : मागच्या तुकडीतील किती मुले आज जहाजावर आहेत आणि कोणत्या कंपनीत? उत्तर गुळमुळीत आले तर दुसरी संस्था पाहा, कारण प्रशिक्षण संपल्यावर पहिले जहाज मिळेपर्यंतची प्रतीक्षा हीच या मार्गातली खरी अडचण आहे. माझी प्रतीक्षा अकरा महिन्यांची होती, आणि त्या काळात मी गावात ट्रॅक्टर चालवला.

खलाशी कायम खलाशी राहतो असे नाही. पहाऱ्याचे प्रमाणपत्र मिळाल्यानंतर डेकवर १८ महिने, किंवा मान्य प्रशिक्षण घेतल्यास १२ महिने सेवा झाली की एबीच्या प्रमाणपत्रासाठी पात्रता येते. अधिकाऱ्याच्या परीक्षेसाठी खलाशाला एकूण ३६ महिन्यांची सागरी सेवा आणि ठरलेली शैक्षणिक पात्रता लागते. माझ्याबरोबरचे दोघे त्या वाटेने गेले. मी गेलो नाही, कारण पुस्तक हाती घेतले की मला झोप येते.

घरी बसून करण्यासारखे एक काम आहे. गोठ्यातला कासरा घ्या आणि मुलाला बोलाइनची गाठ शिकायला सांगा. मोबाइलवर ती सहज पाहायला मिळते. ही गाठ ताणली तरी सरकत नाही आणि काम झाल्यावर हाताने सुटते, म्हणून डेकवर ती रोज लागते. आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग हातमोजे घालून, आणि शेवटी कासरा ओला करून बांधायला लावा. आमच्या सारंगाने मला ती रात्री तीन वाजता पावसात, टॉर्च विझवून बांधायला लावली होती आणि चौथ्या प्रयत्नाला जमली.